ट्रिनिदादमध्ये राहायला गेलेल्यांना तिथलं काय आवडतं?

दारव्हा_कपाशी: पुतण्याले ट्रिनिदादले दोन वर्षांची नोकरी लागली, पोर्ट ऑफ स्पेनमंधी. जानेवारीत जाते. बाहेरून गेलेल्या लोकायले तिथलं नेमकं काय आवडते? अन् खाण्यापिण्याचं कसं?

पिपाणीवाला: जानेवारी म्हणजे ऐन मोसम. कार्निव्हल, म्हणजे रस्त्यावरचा नाचगाण्याचा मोठा उत्सव, ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आधीच्या सोमवारी-मंगळवारी. पण त्याआधीचे काही आठवडे संध्याकाळी पॅनयार्डात जाऊन बसावं. स्टीलपॅनच्या ताफ्यांचा सराव तिथं फुकट ऐकता येतो. हे वाद्य तेलाच्या पिपाचं: 55 गॅलनच्या पिपाचा तळ ठोकून ठोकून वाडग्यासारखा खोल करतात, मग त्यावर एकेक सूर उठवतात. मोठ्या ताफ्यात शंभराच्या आसपास वादक. सोमवारी पहाटे जूव्हे असतो, अंगभर चिखल न् रंग, आपल्या धुळवडीसारखा. फेकायचेच कपडे घालावे. लष्करी छापाचा शर्ट-पँट मात्र बॅगेत नको, तिथं कायद्यानं बंदी आहे.

पुरणयंत्र: भाऊ, जेवणाची चिंता नको. 1845 पासून गेलेले गिरमिटिये (करारावर नेलेले भारतीय मजूर) बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, त्यामुळे ताटात रोटी आहेच. दालपुरी म्हणजे तिखटमिठाची पुरणपोळी समजा. सारण पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, त्यात भाजल्या जिऱ्याची पूड न् लसूण. डाळ बोटानं दाबली की तुटावी, गिचका नाही. पाणी पार निथळून कोरडी वाटायची. ओल राहिली की लाटताना फाटलीच. सकाळी रस्त्यावर डबल्स: हळदीचे दोन मऊ बारे (तळलेल्या छोट्या पोळ्या), मध्ये छोले. बाऱ्याचं पीठ यीस्टचं, हाताला चिकटेल इतकं सैल. घट्ट मळलं तर पुरी होते. तळून एकावर एक रचून फडक्यानं झाकतात, वाफेनं मऊ राहतात. मिरची स्कॉच बॉनेट. सावजी पचवतो म्हणून पहिल्याच दिवशी जोर दाखवू नये, "स्लाइट पेपर" म्हणावं.

दारव्हा_कपाशी: अन् माणसं कशी हायत?

पारावरचा: बोलकी. पण दुकानात शिरल्याबरोबर आधी "गुड मॉर्निंग", मग भाव. थेट भाव विचारला तर उद्धट ठरतो. अंधार पडल्यावर भेटतानाच "गुड नाइट" म्हणतात, निरोप समजून परत फिरू नये! "लाइम" म्हणजे आपल्या पारावरची बैठक, कामाशिवाय जमायचं. मॅक्सी टॅक्सी म्हणजे तिथली मिनीबस, तिच्यावरच्या पट्ट्याचा रंग पाहून बसायचं: लाल अरिमाकडे, हिरवा सॅन फर्नांडोकडे. फोन त्याच्या सकाळी 8 वाजता करा, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच असतात.