शेतमजुरांच्या पोरांकडे हायस्कूलनंतरचा प्लॅन नसतो, हे खरं आहे का?

जास्वंद:
कॅलिफोर्नियात तुलारे काउंटीत राहते. गेली सहा वर्षं गावातल्या हायस्कूलमधे बारावीच्या मुलांना कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करते. आजूबाजूला संत्री, द्राक्षं, बदाम, डेअऱ्या, आणि वर्गातली बहुतेक मुलं मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांची. मुली फॉर्म घेऊन येतात, पोरं फिरकत नाहीत, आणि शाळेत सरळ म्हणतात की पोरांचा काही प्लॅनच नसतो. मला हे अजिबात पटत नाही.

मागच्या वर्षी एकाला विचारलं जूननंतर काय, तर घडाघडा सांगितलं त्याने. उन्हाळाभर काकाबरोबर द्राक्षं, मग पॅकिंग हाउसमधे फोर्कलिफ्ट, मग ट्रकचं लायसन्स (राज्यातल्या राज्यात १८ ला चालतं, बाहेर माल न्यायला २१ पूर्ण लागतात हेही त्याला पाठ), बहिणीला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) मर्सेड कॅम्पसला घालायचं आणि वडिलांना छाटणीतून सोडवायचं. हा प्लॅन नाही तर काय आहे? फक्त फॉर्मवर हे लिहायला जागा नाही.

निर्गुडी:
ताई, सॉरी पण अजिबात सहमत नाही. मी केर्न काउंटीत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे पंचेचाळिशीतले पुरुष येतात, खांदा वर जात नाही, गुडघे गेलेले, कंबर धरलेली, आणि गप्पा मारताना यातला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की दोन वर्षं काम करून मग शिकणार होतो. तुमच्या त्या पोराच्या यादीत बहिणीचं कॉलेज आहे, बापाची सुटका आहे, तो स्वतः कुठे आहे? घरातल्या नडीला तुम्ही प्लॅन म्हणताय. बाप रोज म्हणतो "एचाले गानास", जोर लाव पोरा, पण जोर कुठे लावायचा हे सांगणारं घरात कोणी नसतं.

पाणंद:
मी जास्वंदच्या बाजूने. चार वर्षांची डिग्री म्हणजेच शिक्षण हे डोक्यातून काढा ना. इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप घ्या, शिकताना पगार मिळतो, कर्ज नाही. अर्धवट सोडलेल्या डिग्रीपेक्षा कधीही बरं.

निर्गुडी:
@पाणंद, त्या अप्रेंटिसशिपला पण अल्जिब्रा लागतो आणि परीक्षा असते. यूसीला जायचं तर हायस्कूलमधे ठरलेले वर्षभराचे १५ कोर्स, प्रत्येकात किमान सी ग्रेड. हे नववीत सांगायला हवं, बारावीच्या मार्चमधे कळून काय उपयोग? तोवर दोन्ही दारं बंद झालेली असतात आणि आपण म्हणतो त्यानेच शेत निवडलं.

जास्वंद:
नववीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण "त्याला नकोच होतं कॉलेज" यामागे काय असतं ते लिहिते, कारण हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय.

पोरगा इथे जन्मलेला, अमेरिकन नागरिक, पेल ग्रँटला, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना फेडरल सरकार देतं त्या परत न करायच्या मदतीला, पूर्ण पात्र (२०२४-२५ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती). आईवडिलांकडे इथे राहण्याची कागदपत्रं नाहीत. ग्रँटसाठी फेडरल सरकारचा फाफ्सा नावाचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात त्यांची नावं, पत्ता द्यावा लागतो. २०२३ च्या डिसेंबरात नवा फॉर्म आला तेव्हा तर ज्या पालकांना सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांचा भाग पुढेच सरकत नव्हता, आठवडेच्या आठवडे गेले. पोरगा घरी हे सगळं ऐकतो, बापाचा चेहरा बघतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, मिस, मला कॉलेज नकोय. ते "नको" बापासाठी असतं. आणि ज्यांची स्वतःचीच कागदपत्रं नाहीत त्यांचं तर बोलूच नका, डाकासाठी (लहानपणी कागदपत्रांविना आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) जून २००७ च्या आधीपासून इथे असावं लागतं, आज बारावीतली पोरं तेव्हा जेमतेम जन्मली होती किंवा नव्हतीच.

निर्गुडी:
हे वाचून गप्प झाले. तरी एक सांगते, आता कॅलिफोर्नियाने अशा घरातल्या नागरिक मुलांनाही राज्याचा ड्रीम ॲक्टचा फॉर्म (कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीचा मदतीचा अर्ज) भरायची मुभा दिलीय. पेल हातची जाते पण राज्याची मदत, कॅल ग्रँट, मिळू शकते, आणि आईवडिलांची माहिती फेडरल सरकारच्या फॉर्ममधे जात नाही. हे तुमच्या शाळेत स्पॅनिशमधे, संध्याकाळी सातनंतर, पालकांना कोणी सांगितलंय का? दुपारी दोनला मीटिंग ठेवली तर बाप शेतात असतो. आणि मी माझा मुद्दा सोडलेला नाही, त्या पोराला स्वतःला काय हवंय हे तुम्ही विचारलंत का?

जास्वंद:
नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. या जानेवारीत तो बहिणीचा फॉर्म भरायला तिच्याबरोबर आला होता तेव्हा विचारलं. म्हणाला पॅकिंग हाउसमधली मशीन बंद पडली की बाहेरून माणूस येतो, तासाभरात दुरुस्त करून जातो, ते काम शिकायचंय. व्हिसेलियाच्या कम्युनिटी कॉलेजात चौकशी केली आम्ही, पण सेमिस्टर सुरू होतं ऑगस्टमधे, ऐन द्राक्षाच्या तोडणीत, आणि ते दोन महिने तो काकाच्या टोळीत असतो, मायोर्दोमो, म्हणजे टोळीचा मुकादम, संध्याकाळी लवकर सोडत नाही.

पाणंद:
मग पुढच्या जानेवारीचं सेमिस्टर बघा. तेव्हा छाटणी असते, अंधार लवकर पडतो, पाचला घरी येतात सगळे.