सर्व्हिस रेकॉर्डमध्ये किलोमीटर चुकीचे टाकलेत, गिऱ्हाईक म्हणतंय मीटर मागे केलाय

एकहाती_चालक
गाडी विकायला काढलीये, मी पहिलाच मालक. परवा एक जण बघायला आला, गाडी आवडली, चक्कर मारली, सगळं ठरत आलं होतं आणि मग त्याने सर्व्हिस हिस्ट्री मागितली. त्यात ओळीने आकडे असे आहेत: ३८,९०५, मग ७४,२१०, मग ५५,६४०. आत्ता मीटरवर ६१,८०० आहे. तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी चोरच. "मीटर मागे फिरवलाय" म्हणाला आणि निघून गेला. अरे मी तर मीटरला हातही लावला नाही! माझ्या मते ते ४७,२१० असणार, टाइप करणाऱ्याने ४ आणि ७ उलटे केले. पण हे आता सिद्ध कसं करायचं? गॅरेजवाला फोनवर म्हणतो जुनी एन्ट्री बदलता येत नाही.

पाना_स्क्रू
भाऊ, आधी त्या सर्व्हिसचं जॉब कार्ड शोधा, बिल नाही, जॉब कार्ड. गाडी आत घेताना मीटर बघून जो आकडा लिहितात तो त्याच्यावर असतो, बरेचदा हाताने, आणि बिलावर येतो तो नंतर कोणीतरी घाईत टाइप केलेला. दोन्हीत फरक निघाला की काम झालं. एन्ट्री बदलता येत नाही हे खरंही असू शकेल पण लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी "अमुक तारखेची नोंद चुकीची, बरोबर आकडा हा" एवढं तर देता येतं ना? फोनवर नको, लेखी मागा, फोनवर सगळे हात वर करतात.

आणि हिशोब पण मांडून ठेवा. ७४,२१० खरं धरलं तर एका सर्व्हिसपासून पुढच्यापर्यंत गाडी ३५ हजार पळाली, आणि ४७,२१० धरलं तर ८,३०५, त्याच्या पुढची ८,४३०. शेंबडं पोर पण सांगेल कुठला आकडा खरा.

घेताना_सावध
मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो, राग मानू नका. ज्या गॅरेजने चूक केली त्याच गॅरेजचं पत्र, त्यावर मी का विश्वास ठेवू? आणि मीटर फक्त विकतानाच मागे करतात असं नाही, वॉरंटीची किलोमीटरची मर्यादा ओलांडली म्हणून मधेच करणारेही आहेत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकूनच पिणार. मी तुमच्या जागी असतो तर त्याला म्हटलं असतं की तुझा मेकॅनिक आण आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लाव.

पाना_स्क्रू
हे बरोबर आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस (ब्रेकची यंत्रणा) यांच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे मॉड्यूलमध्येही राहतो, काही गाड्यांत तर चावीत सुद्धा. मीटर मागे करणारा सगळीकडे पोचेलच असं नाही. सगळ्या गाड्यांत हे मिळत नाही म्हणा, जुनी असेल तर स्कॅनरला काही सापडणार नाही. मग टायर बघायचे. टायरवर डीओटी कोडच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे टायर कधी बनला ते. मीटर मागे केला असता तर तुमची गाडी आत्ता निदान ८० हजारच्या वर पळालेली असती. टायर कंपनीतूनच आलेले असतील आणि नक्षी अजून शिल्लक असेल तर ते बोलतं. पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची कड, हे पण.

मैल_की_किमी
आमच्याकडे वेगळीच गंमत झाली होती, मीटरचा डिस्प्ले मैलावर गेलेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे मधेच आकडा कमी झाला. १.६०९ ने गुणलं आणि सगळं जुळलं. तुमच्या केसमध्ये नाही जुळणार (७४,२१० भागिले १.६०९ म्हणजे ४६ हजार होतात, तुम्ही म्हणताय ४७,२१०) पण कोणाचं असं असेल तर आधी हे करून बघा. आणि क्लस्टर (डॅशबोर्डवरचं मीटरचं अख्खं युनिट) बदललं असेल तर जुना आकडा अधिक नवा, त्याचं बिल जपून ठेवा.

ताई_फॉर_ड्राइव्ह
एकच सांगते, चुकूनही "मीटर जुळवून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. खरा आकडा बदललात की तुम्ही खरंच गुन्हेगार. उलट जाहिरातीतच लिहा की एका नोंदीत चूक आहे, कागद दाखवतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आणि व्यवहाराच्या कागदावर आजचं रीडिंग, तारीख, दोघांच्या सह्या, शिवाय मीटरचा फोटो.

एकहाती_चालक
अपडेट: जॉब कार्डची पिवळी कार्बन कॉपी डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडली!! पेनाने ४७,२१० लिहिलंय, खाली माझीच सही. गॅरेजमध्ये नेऊन टेबलावर ठेवली तर मॅनेजर दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला पत्र उद्या देतो. टायर कंपनीचेच आहेत, कोडही गाडी बनली त्या काळाशी जुळतो. त्या गिऱ्हाइकाला दोन्ही फोटो पाठवलेत आणि तुझा मेकॅनिक घेऊन ये म्हटलंय. निळी टिक आलीये, उत्तर नाही अजून.