चेहऱ्यावरून राग कळतो म्हणे!

आठ्यावाला:
गेल्या महिन्यात कॅमेऱ्यासमोर मुलाखत दिली. निरोप आला, 'उमेदवार नाराज वाटला.' अहो, मी विचार करत होतो! विचार करताना माझ्या कपाळाला आठ्या पडतात. आजी म्हणायची, 'खाऊ की गिळू असं काय बघतोस?' मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जुने अभ्यास चाळून दाखवलंय की रागावलेली माणसं आठ्या घालतात ती साधारण ३० टक्के वेळाच. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शाळांत भावना ओळखणाऱ्या संगणकी यंत्रणांवर (काही अपवाद सोडून) बंदी घातली, ती उगाच नाही.

कडकलक्ष्मी:
असहमत. तुमची नोकरी हुकली म्हणून शास्त्र खोटं ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन १९६०च्या दशकाच्या शेवटी पापुआ न्यू गिनीत फोरे या आदिवासी लोकांकडे गेले. सिनेमाही न पाहिलेली माणसं. 'याचं मूल गेलं' अशी गोष्ट सांगायची, चेहऱ्यांचे तीन फोटो पुढे ठेवायचे. बहुतेकांनी बरोबर फोटो उचलला. तेवढ्या लांब तरी कशाला, नवरा दारात चपला काढत असतानाच मला कळतं आज ऑफिसात काय झालंय.

आठ्यावाला:
ताई, तिनातून एक निवडायचा म्हणजे एमसीक्यू झाला. तिथेही फोरे लोकांची भीती आणि आश्चर्यात गल्लत झालीच. त्याच देशातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर डोळे विस्फारलेला, आ वासलेला आपला 'घाबरलेला' फोटो दाखवला (२०१६), तर तिथली मुलं म्हणाली, हा धमकावतोय. नवऱ्याचं सोडा, त्यांचा साहेब कोण हेही तुम्हाला पाठ असणार. लोकलमधल्या परक्याचं सांगा.

पावशेर:
परक्यांच्या बाबतीत तर ओळखीचीच बोंब! दोन प्रसिद्ध डच बायकांचे प्रत्येकी २० फोटो मिसळून ब्रिटिश लोकांना दिले (२०११) आणि माणसागणिक ढीग लावायला सांगितले. सात-आठ ढीग लागले. डच लोकांनी दोनच लावले. आधारवरचा फोटो बघून 'हे तुम्ही नाही' म्हणणाऱ्या कारकुनाला मी त्या दिवशी माफ केलं.

उंबरठा:
पक्षाघातानंतर बाबांना चेहरे ओळखू येईनात. आई समोर आली की नजर कोरी. तिच्या बांगड्या वाजल्या की मग, 'अगं, तू होय!' एकदा मात्र तिच्याकडे बघत मला हळूच विचारलं, 'या बाई कशाने चिडल्यात?' ती खरंच चिडली होती, दुपारच्या गोळ्या उशीखाली सापडल्या होत्या. ओळख आणि भाव मेंदूत वेगळ्या वाटांनी जातात, असं मानसशास्त्रज्ञ ब्रूस आणि यंग यांनी १९८६ मध्येच मांडलंय. आठ्यावाले, हे बसवा तुमच्या ३० टक्क्यांत.

कडकलक्ष्मी:
+१. बसवा बसवा.

आठ्यावाला:
एकच विचारतो. गोळ्या आईच्या हातात होत्या का तेव्हा?

उंबरठा:
हो. मुठीत.