अनुभव धागा: मुलांना विश्वासात वाढवताना

जय ख्रिस्त सगळ्यांना. मे महिन्यात व्हीबीएस (चर्चमधली सुट्टीतली बायबल शाळा) झाली की घरात गाणी चालू असतात, वचनं पाठ होतात, मग शाळा-क्लास सुरू झाले की सगळं थंड. लहानांचं तरी जमतं, पण आठवी-नववीच्या पुढच्यांचं काय? बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात सांगितलंय की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी देवाच्या गोष्टी बोलत जा. म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांवर सोडून भागत नाही. तुमच्या घरी खरंच काय चालतं ते लिहा, उपदेश नको.

नगरची आई
आमच्याकडे रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना मुलंच करतात, आम्ही दोघं फक्त आमेन म्हणतो. धाकटी मांजरीसाठी मागते, मागू दे. मोठा दहावीला आहे, परवा त्याने वर्गात ज्याच्याशी भांडण झालं त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली, मी नंतरही त्याला काही विचारलं नाही, ते त्याचं आणि देवाचं. वाचायला मार्कचं शुभवर्तमान घेतलंय, येशूच्या जीवनावरच्या चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, १६ अध्याय, पटपट पुढे जातं.

वसईकर
आम्ही कॅथलिक. ऑक्टोबरात गावात घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते. कन्फर्मेशन (दृढीकरणाचा संस्कार) झाल्यावर मुलगी यायला कंटाळायला लागली. तिला म्हटलं आजीला बारीक अक्षर दिसत नाही, रविवारच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं तू शनिवारी वाचून दाखव. आता वाचता वाचता आजी तिला जुन्या गोष्टी सांगत बसते आणि दोघींचं तासभर चालतं.

पुण्यातला बाबा
माझा मुलगा १७ वर्षांचा. आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी खूप प्रार्थना केली होती, त्यानंतर तो सरळ म्हणाला देव ऐकतच नाही तर चर्चला कशाला यायचं. नातेवाईक म्हणाले दटाव त्याला, मला ते पटलं नाही. गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर संदेश असतात ना, त्यातला चौथा आम्ही घरी बसून वाचला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", मग २२ वं स्तोत्र काढलं, त्याची सुरुवात तीच. प्रभूने स्वतः हा प्रश्न ओरडून विचारलाय हे त्याला नवीन होतं. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातला शिष्य थोमा बघा, बाकीचे शिष्य सांगत होते आम्ही पुन्हा उठलेल्या प्रभूला पाहिलं, हा म्हणत होता मी विश्वास ठेवणार नाही, तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला आहे, कोणी त्याला बाहेर काढलेलं नाही. मला आईबाप म्हणून हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलगा अजून दर रविवारी येत नाही, पण भजनाला तबला वाजवायला येतो, आणि प्रश्न विचारायचे थांबलेला नाही याचा मला आनंद आहे.

सोलापूरहून
मुलाला शाळेत विचारलं, तुम्ही बाटलेले का? घरी येऊन खूप रडला. त्याला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची हकिगत सांगितली, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि तरी अभंग-ओव्यांतूनच ख्रिस्ताला गायले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली घेतला, पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. मराठी असणं आणि ख्रिस्ती असणं यात भांडण नाही हे मुलांना घरातूनच कळायला हवं, नाहीतर ती चर्चचं नावच लपवायला लागतात.

नगरची आई
पुण्याच्या दादांचं वाचून विचारते, नववी-दहावीच्या मुलांचा असा प्रश्न विचारायचा गट कोणी घरी चालवतं का? आमच्या चर्चच्या मंडळीत पाच-सहा मुलं आहेत, जागा आणि चहा-पोहे माझ्याकडे, वाचायला काय घ्यायचं ते सुचवा.