सहा सीटर गोल्फ कार्ट चढावर दम सोडते, मोठी मोटर टाकू का?

घाटातला_पाना:
नमस्कार मंडळी. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगत एका रिसॉर्टवर मेंटेनन्सला आहे. रिसेप्शन वर, कॉटेज खाली दरीच्या अंगाला. पाहुणे आणि बॅगा ने-आण करायला एक सहा सीटर गोल्फ कार्ट आहे, सेकंडहँड घेतलेली. ४८ व्होल्ट, सिरीज मोटर, मोटरला करंट सोडणारा ३०० अँपिअरचा कंट्रोलर. ८ व्होल्टच्या ६ लेड-ॲसिड बॅटऱ्या, त्यांना पावणेचार वर्षं झाली.

सकाळच्या दोन फेऱ्या बऱ्या जातात. दुपारनंतर फणसाच्या झाडाजवळचं शेवटचं वळण आलं की गाडी रांगते. गेल्या शनिवारी दोन आजोबा वैतागून खाली उतरले आणि चालत माझ्या आधी रिसेप्शनला पोचले. वर उभं राहून टाळ्या वाजवत होते.

मालक म्हणतात मोठी मोटर टाक. दुकानदाराने मोटर आणि कंट्रोलर मिळून लाखाच्या वर सांगितलंय. टाकू का? की आहे त्यातच काही सेटिंग होतं?

सह्याद्री_भटक्या:
उंचीचा परिणाम असेल. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, हवा विरळ. आमची जुनी जीपपण तिथे दम टाकायची.

फोर्कलिफ्टकाका:
भटक्याभाऊ, जीप श्वास घेते, मोटर घेत नाही. उंचीचं सोडा.

पानासाहेब, ३१ वर्षं एमआयडीसीत बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट दुरुस्त केले. गोल्फ कार्ट म्हणजे त्याचंच नाजूक भावंड. दुकानदाराला आधी थांबवा. त्याच्या मोटरला जेवायला तुमच्याच बॅटऱ्या घालणार ना? तिथेच दुष्काळ असेल तर मोठी मोटर आणखी उपाशी राहील.

पहिलं काम, चढ मोजा. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, वर गवंड्याची लेव्हल ठेवा, खालचं टोक उचलून बुडबुडा मधे आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. १६ सेंटिमीटर आली तर १६ टक्के चढ. गाडी, माणसं, बॅगा मिळून हजार किलो धरले तर एवढ्या चढावर ताशी १० किलोमीटरने जायला चाकाला पावणेपाच किलोवॉट लागतात. मोटर-गिअरमधली गळती धरून बॅटरीतून सव्वासहा-साडेसहा. म्हणजे ४८ व्होल्टला १३०-१३५ अँपिअर, आणि व्होल्टेज ४० वर घसरलं तर १६० च्या आसपास. हे तुमच्या कंट्रोलरच्या आवाक्यातलं आहे. तरी गाडी रांगते, म्हणजे ताकद वाटेत कुठेतरी सांडतेय.

कुठे सांडते ते चढावरच कळतं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचं व्होल्टेज बघून काही हाती लागत नाही. निजलेल्या माणसाची नाडी बघून तो पळेल किती, हे कसं सांगणार? बॅटऱ्या फुल चार्ज करा, दोन-तीन तास विसावू द्या, एकूण व्होल्टेज ५०-५१ च्या घरात हवं. मग गाडी भरा. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसून मल्टिमीटर धरायचा. वायरी आधी घट्ट बांधून घ्या, हातात टोकं धरून वळणावर कसरत नको. फेरीगणिक एक बॅटरी, चढाची जागा तीच. शेवटच्या फेरीला कंट्रोलरच्या दोन बोल्टांवर एकूण व्होल्टेज घ्या. सहाही आकडे जवळपास सारखे आले तर संच एकसारखा म्हातारा झालाय. एकच खाली कोसळला तर चोर सापडला.

करंट बघायचा असेल तर डीसीचा क्लॅम्प मीटर लागतो. वायरमनकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी वाचतो, शून्य दाखवेल आणि तुम्ही कंट्रोलरला शिव्या द्याल. बॅटरीच्या वायरीतला आणि मोटरच्या वायरीतला करंटही सारखा नसतो. हळू चालताना मोटरला जास्त जातो, कंट्रोलर व्होल्टेज कमी करून करंट वाढवून देतो. तेव्हा कुठे मोजला ते लिहा.

मागची चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघा. तुमच्याकडची लाल माती पावसाळ्यात ड्रममध्ये शिरते आणि ब्रेक धरून बसतो. पण चाकं उचललेली असताना ॲक्सिलरेटर दाबू नका. सिरीज मोटरला ओझं नसलं की ती सुसाट सुटते, आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फुटतो. मी फुटलेला पाहिलाय, पत्र्याला भोक पडलं होतं.

आणि पेडलखालचं मॅट काढा. हसू नका. पेडल पूर्ण दबत नाही म्हणून कंट्रोलर बदललेली दोन गिऱ्हाइकं मला माहीत आहेत.

पीचट्रीतला_देशी:
जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत राहतो. इथे गोल्फ कार्टसाठी शंभर मैलांच्या वेगळ्या वाटा आहेत, मोठ्या वर्गातली पोरं शाळेलासुद्धा कार्टनेच जातात. एकच प्रश्न: टायर कुठल्या साईजचे आहेत? इथे हौसेने गाडी उंच करतात, मोठी चाकं लावतात आणि मग चढाला रडत बसतात.

घाटातला_पाना:
काका, साहेब वगैरे नको, मी २७ वर्षांचा आहे.

देशीदादा, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मुळात १८ इंची होते. दिवाळीआधी मालकांनी काळे अलॉय आणि २२ इंची टायर लावले, पाहुणे फोटो काढतात म्हणून. गाडी तेव्हापासूनच सुस्त वाटते, पण थंडीमुळे असेल समजून मी लक्ष दिलं नाही.

फोर्कलिफ्टकाका:
बघ! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस.

थंडीत लेड-ॲसिड थोडी मंदावते हे खरं, पण हा घाव चाकाचा आहे. चाक मोठं म्हणजे मोटरच्या हातातली पहार आखूड. १८ चं २२ केलंस की तोच चढ चढायला मोटरला २२ टक्के जास्त पीळ द्यावा लागतो. सिरीज मोटरला जास्त पीळ म्हणजे जास्त करंट, जास्त करंट म्हणजे बॅटरी आणखी बसते. सपाटीला वेग वाढल्यासारखा वाटला असेल, मालक खूश झाले असतील. मोजमापं घे आणि सांग.

घाटातला_पाना:
रविवारी पाहुणे गेल्यावर बसलो. चढ १६ नाही, फणसापाशी १७ सेंटिमीटर आला. मागे आमच्या किचनमधले पाच जण बसवले. सगळे मजेत, मी घामाघूम.

चढावर बॅटऱ्या: ७.२, ७.३, ५.१, ७.२, ७.३, ७.२. कंट्रोलरवर एकूण ३९.८.

तिसरीची झाकणं उघडली. चारपैकी एका सेलमध्ये हायड्रोमीटरची (ॲसिडची घनता मोजायची नळी) गोळी वर यायलाच तयार नाही, बाकी तिन्हींत १.२६० च्या पुढे. ब्रेक डाव्या चाकाला घासत होता. मॅटचं मात्र काही नव्हतं, काका.

फोर्कलिफ्टकाका:
तिसरीचा एक सेल मेला. दोन व्होल्ट कमी म्हणजे एकच सेल, हिशोब जुळतो.

पण तुझे आकडे मी मिळवून पाहिले. सहांची बेरीज ४१.३ आणि कंट्रोलरला पोचले ३९.८. मधले दीड व्होल्ट कुठे गेले? मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरं वायरीच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, ठेव आणि तसाच चढ चढ. प्रत्येक जोडावर. सोलेनॉइडच्या, म्हणजे मेन सप्लाय जोडणाऱ्या स्विचच्या, दोन बोल्टांमध्येपण बघ.

नवी बॅटरी एकटी आणून त्या म्हाताऱ्यांत बसवू नकोस. वर्षभरात तीही त्यांच्यासारखी होते. त्याच वयाची मिळते का बघ, नाहीतर पूर्ण संच.

पीचट्रीतला_देशी:
पूर्ण संच बदलायची वेळ आलीच तर लिथियमचा विचार करा. वजन बरंच कमी होतं आणि चढावर व्होल्टेज फारसं बसत नाही. फक्त बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) १०० अँपिअरचा घेऊ नका. माझ्या शेजाऱ्याने स्वस्त म्हणून घेतला. भरली गाडी चढावर आली की बीएमएस सप्लाय तोडतो आणि गाडी मधेच बंद. चार्जरही वेगळा लागतो.

घाटातला_पाना:
सापडलं. चौथी आणि पाचवी जोडणाऱ्या वायरीच्या एकाच थिंबलवर ०.६ व्होल्ट. वरून व्हॅसलीन चोपडलेलं, चकचकीत. खोललं तर आत हिरवी बुरशी आणि अर्ध्या तारा तुटलेल्या. चढ संपल्यावर बोट लावलं, चटका बसला.

फोर्कलिफ्टकाका:
०.६ गुणिले दीडशे अँपिअर, ९० वॅट. जुना शंभराचा बल्बच पेटलाय म्हण ना त्या थिंबलमध्ये. बॅटरीच्या सगळ्या वायरी ३५ स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या कर, थिंबल हायड्रॉलिक क्रिंपिंगने, म्हणजे प्रेसच्या यंत्राने, दाबून घे. पक्कडीने किंवा हातोडीने ठोकलेलं चालणार नाही. व्हॅसलीन जोड घट्ट केल्यावर वरून लावायचं, आत नाही.

घाटातला_पाना:
दहा दिवसांनी लिहितोय. स्टोअरमागे पडलेल्या दुसऱ्या कार्टमध्ये याच वयाच्या बॅटऱ्या होत्या, त्यातली चांगली निवडून तिसरीच्या जागी टाकली. वायरी वाईहून करून आणल्या. ब्रेक साफ केला. आता त्याच पाच जणांसह फणसापाशी कंट्रोलरवर ४३.१ मिळतात. गाडी वळणावर धावत्या माणसाच्या वेगाने चढते. खर्च सात हजारांच्या आत.

टायरवर मात्र मालक अडलेत. म्हणतात, आता चढतेय ना, मग राहू दे की अलॉय.

फोर्कलिफ्टकाका:
त्यांना चढाचं सांगू नकोस, उताराचं सांग. या मोटरला उतारावर स्वतःचा लगाम नसतो, सगळा भार मागच्या दोन ड्रमवर. मोठं चाक थांबवायला ड्रमलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. सहा माणसं भरून, ओल्या रस्त्यावर, त्यांना पुढच्या सीटवर बसव आणि फणसापासून खाली आण. सावकाश, पण ब्रेक किती दाबावा लागतो ते त्यांना दिसू दे.

घाटातला_पाना:
बसवलं. काल १८ इंची परत लागले. अलॉय रिसेप्शनच्या भिंतीवर टांगायचेत म्हणे, ड्रिल मशीन मलाच आणायला सांगितलंय.