बर्फातली ड्यूटी आणि घरचा घोर: आपापले अनुभव लिहा

सियाचीन, द्रास, पूर्व लडाख, उत्तर सिक्कीम. तिथे हिवाळा काढलेल्यांनी लिहाच, पण त्या महिन्यांत इकडे घर सांभाळणाऱ्यांनीही लिहा. पोस्टचं नाव, युनिट नको. शौर्यकथा बाहेर भरपूर आहेत, इथे रोजचं चालेल.

माजी हवालदार, सांगोला
2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मी द्रासच्या बाजूला होतो. जोजिला बंद, त्यामुळे बर्फ पडायच्या आधी भरून ठेवलेल्या रेशनवरच सगळं. बंकरमध्ये रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी. पेटवली की नाकातून काळं येणार, विझवली की दात वाजणार. झोपताना मात्र विझवायचीच, बंद जागेत तिचा धूर माणसाला झोपेतच नेतो. मग मोजे, टॉर्चचे सेल, पाण्याची बाटली, सगळं स्लीपिंग बॅगेत पोटाशी घ्यायचं. बाटली बाहेर राहिली तर सकाळी प्यायला दगड.

फोनवर अण्णा एकच सांगायचे, "बाग झ्याक हाय, तू तब्येतीला जप." पुढे पंढरपूरकडचा एक पोरगा रजेवरून आला, त्याच्याकडून गारपिटीचं कळलं. आमची डाळिंबाची बाग पार झोडपून निघाली होती. विचारलं तर म्हणे, "पडल्या जरा गारा." आता मी काय बोलणार? पायाची बोटं सुजून काळीनिळी झाली होती, ते मी तरी कुठे सांगितलं होतं. फिटंफाट! बागेचं कर्ज मात्र माझ्या नावावर होतं.

फौजीची बायको, सातारा जिल्हा
2016 साली हे सियाचीन ग्लेशियरवर होते, मला सातवा महिना. 3 फेब्रुवारीला सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला, 10 जवान गाडले गेले. टीव्हीवर बातमी आली, पण नावं लगेच येईनात. यांची पोस्ट कोणती ते मला ठाऊक नव्हतं, ते कधी सांगतच नसत. मामंजींनी टीव्हीची वायर उपसून काढली आणि धोतराच्या सोग्यात बांधून दिवसभर तशीच फिरले. नावं आली तेव्हा त्यात एक जवान आमच्याच जिल्ह्यातला, माण तालुक्यातला निघाला. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. त्याच्या घरीही माझ्यासारखीच कुणीतरी असेल की.

यांचा फोन नंतर आला, सॅटेलाइटवरून. त्यावर आवाज उशिरा पोचतो, मग दोघं एकदम बोलतो आणि दोघं एकदम गप्प होतो. पहिला प्रश्न काय, तर "गॅस भरून घेतलास का?" असा राग आला म्हणून सांगू!

चंदगडहून, फौजीचा मुलगा
आमच्या वेळी फोन कुठला. पत्ता म्हणजे नंबर, रँक, नाव आणि खाली 56 एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. आईला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे प्राथमिक शाळेत असल्यापासून पत्रं मीच लिहायचो. ती सांगायची आणि मधेच, "ते लिहू नको रे." म्हैस आटली, लिहू नको. आजी पडली, लिहू नको. शेवटी इनलँडवर माझे गणिताचे मार्क तेवढे उरायचे, तेही कमी. बाबांची उत्तरं पेन्सिलने लिहिलेली असत. वरून हेलिकॉप्टर येईल तेव्हा गठ्ठ्याने यायची, मागची पुढे, पुढची मागे. पोळ्याच्या पत्राचं उत्तर शिमग्याला, असंही झालंय.

सध्या नोकरीत, जिल्हा लिहीत नाही
थंडीची सवय होते. भाऊबंद दरवर्षी नांगरताना बांध हातभर आत सरकवतात, त्याची होत नाही. उणे तिसात उभा असताना माझ्या डोक्यात गट नंबर फिरत असतो. बायको मोजणीचा अर्ज घेऊन गेली, तर तिला "साहेबांनाच पाठवा" म्हणाले. कुठून पाठवणार? नव्या पोरांना एवढंच सांगतो, वर जायच्या आधी बायकोच्या किंवा आईच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. वाद असेल तर युनिटमध्ये अर्ज द्या, सीओ साहेबांच्या (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या) सहीचं पत्र थेट जिल्हाधिकाऱ्यांना जातं. माझं गेलं, मोजणीची तारीख लागली.

फौजीची बायको, सातारा जिल्हा
दादा, त्या अर्जाचा नमुना असेल तर इथे टाका. आमच्याकडे विहिरीच्या वाटेवरून चाललंय.