सात पिनचा ट्रेलर सॉकेट: ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतात

पवनाकाठ (कर्वेनगर, पुणे):

गाडी २०२१ची डिझेल एसयूव्ही, बीएस-६. मागचे टेल आणि ब्रेक एलईडी, इंडिकेटर बल्बचे. कॅम्पर ट्रेलर छोटा, एकाच अ‍ॅक्सलचा, भरून साधारण ६०० किलो. त्याचे सगळे दिवे साध्या बल्बचे. गाडीला टो बार (ट्रेलर ओढायचा दांडा) आणि ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनचा गोल सॉकेट बसवून झालाय. गॅरेजवाल्याने डिकीच्या आतल्या पॅनेलमागे दिव्यांच्या वायरींना निळ्या क्लिपा मारून जोड घेतलाय.

त्रास असा: प्लग लावून ब्रेक दाबला की ट्रेलरचे दोन्ही इंडिकेटर मंद पेटतात. टेल चालू असताना इंडिकेटर दिला तर टेलही त्याच्याबरोबर लुकलुकतो. शिवाय इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो. प्लग काढला की गाडी एकदम ठीक.

पावसाळ्याआधी हे नीट करायचंय, ताम्हिणीतून खाली उतरायचा बेत आहे. कोणत्या पिनला काय जोडायचं आणि वायर किती जाडीची घ्यायची? ट्रेलरमध्ये १२ व्होल्टचा फ्रिज आणि लिथियम बॅटरी आहे. तीही गाडीवरून चार्ज करायची आहे.

वायरमन_भोसरी:

तुमच्या पहिल्या दोन लक्षणांचं कारण एकच, अर्थ, म्हणजे दिव्यांतला करंट गाडीच्या बॉडीत परत नेणारी वायर. बाकी काही उघडण्याआधी तो तपासा.

ट्रेलरच्या सगळ्या बल्बचं परतीचं टोक एकाच ठिकाणी येतं आणि तिथून ३ नंबरच्या पिनवाटे गाडीत जातं. ती वाट तुटली किंवा अडली की ब्रेकचा करंट दुसरी वाट शोधतो. तो इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि गाडीच्या इंडिकेटरवाटे बॉडीला पोचतो. म्हणून ते मिणमिणतात. टेल लुकलुकतो त्याचंही कारण हेच. बल्ब, होल्डर बदलत बसू नका.

मोजायचं असं. प्लग लावा, हॅझर्ड, टेल आणि ब्रेक तिन्ही चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब गाडीच्या बॉडीच्या उघड्या बोल्टला, लाल प्रोब ट्रेलरच्या टेल लाइटच्या अर्थ टर्मिनलला. दिवे लागतील त्या क्षणीचं रीडिंग अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर तीच लाल प्रोब सॉकेटच्या ३ नंबरला मागून लावा. तिथेही तेवढंच आलं तर दोष गाडीत, तिथे कमी झालं तर दोष प्लगमध्ये किंवा ट्रेलरमध्ये.

टो बॉलच्या (ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा) भरवशावर अर्थ सोडू नका. बॉलला ग्रीस असतं. कपलिंगवर भार असताना संपर्क होतो, खड्ड्यात उसळी बसली की जातो. दोष येतो-जातो आणि सापडत नाही.

पिनांची मांडणी, आयएसओ १७२४ (१२ व्होल्टच्या सात पिन सॉकेटचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे:
१ डावा इंडिकेटर, पिवळी
२ मागचा फॉग, निळी
३ अर्थ, पांढरी
४ उजवा इंडिकेटर, हिरवी
५ उजवा टेल, तपकिरी
६ ब्रेक, लाल
७ डावा टेल, काळी

इथे हमखास चूक होते. सॉकेटमध्ये समोरून पाहिलं की जी पिन डावीकडे, तीच मागून वायर जोडताना उजवीकडे येते. चित्र बघून जागा मोजू नका, टर्मिनलशेजारी प्लास्टिकवर उठवलेले बारीक आकडे टॉर्च मारून वाचा. रंगावरही विसंबू नका. ट्रेलर अमेरिकन पद्धतीचा असेल तर पिवळ्या आणि हिरव्या वायरीवर इंडिकेटर आणि ब्रेक एकाच फिलामेंटला असतात. तो आपल्या गाडीला थेट जोडता येत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो. ट्रेलरच्या दिव्यात पिवळा इंडिकेटर वेगळा दिसत असेल तर ही अडचण नाही.

जाडी: दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम, अर्थला अडीच. हॅझर्ड, ब्रेक, टेल आणि नंबर प्लेट मिळून ९९ वॅट होतात, म्हणजे सव्वाआठ अँपियर, आणि हे सगळे एकट्या ३ नंबरमधून परत जातात. साडेसहा मीटरची अर्थ वायर दीडची घेतली तर तिच्यातच सहा दशांश व्होल्टहून जास्त जातात, अडीचमध्ये चार दशांशाच्या आत राहतात.

स्क्रूच्या टर्मिनलमध्ये तारांना कल्हई करून घालू नका. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. पिन टाइप थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) दाबून घाला.

डोंगरवाट:

वरच्याशी सहमत, पण इंडिकेटर दुप्पट वेगाने चालतो तो भाग वेगळा आहे. २०२१च्या गाडीत मागचे दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला कंप्युटर) चालवतं आणि प्रत्येक लाइनचा करंट मोजतं. एका बाजूला २१ वॅटचा आणखी एक बल्ब लागला की पावणेदोन अँपियर वाढतात. मॉड्यूलला तो बिघाड वाटतो. काही गाड्यांत ते लाइनच बंद करून टाकतं. एलईडी टेलला तर बऱ्याचदा पल्स जातात, म्हणजे वीज सलग न जाता वेगाने चालू-बंद होते, त्यावर साधा बल्ब लावला तर तो थरथरतो किंवा पेटतच नाही.

त्यामुळे त्या निळ्या क्लिपा काढाच. त्या वायरचं इन्सुलेशन कापतात, आत दमट हवा जाते आणि दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं पडतं. त्याऐवजी ट्रेलर बायपास मॉड्यूल घ्या, पल्स चालतील असं लिहिलेलं. गाडीच्या दिव्यांकडून ते फक्त इशारा घेतं, काही मिलिअँपियर. ट्रेलरच्या बल्बला वीज देतं ती थेट बॅटरीवरून आलेल्या वेगळ्या वायरीची. ती वायर अडीच स्क्वेअरची, फ्यूज १५ अँपियरचा आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज मागे मॉड्यूलशेजारी लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते, कुठे पत्र्याला घासली तर आग. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेची रबरी कडी) हवाच.

मॉड्यूलबरोबर बझर येतो, तो जोडा. बायपास लावला की ट्रेलरचा इंडिकेटर गेला तरी गाडीला कळत नाही, आणि रात्री खंबाटकीत मागच्याला तुमचं वळण दिसणार नाही.

सॉकेट आणि प्लग नाना पेठेत मिळेल. ट्रकच्या २४ व्होल्टचा सॉकेट जवळपास सारखाच दिसतो, १२ व्होल्टचा म्हणून मागून घ्या. थिंबल, हीट श्रिंक (गरम केली की वायरीवर आवळणारी नळी), मल्टिमीटर तपकीर गल्लीत.

पवनाकाठ:

मोजलं. टेल लाइटच्या अर्थला २.९ व्होल्ट, सॉकेटच्या ३ नंबरला २.७. म्हणजे दोष गाडीकडचाच ना? सॉकेटची अर्थ वायर टो बारच्या ब्रॅकेटच्या बोल्टला दिलेली आहे, पावडर कोटिंगवरच. ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली तर चालेल?

वायरमन_भोसरी:

हो, गाडीकडचाच. ट्रेलरकडे दोन दशांशच जातात, ते ठीक.

थेट बॅटरीच्या टोकाला नेऊ नका. तुमच्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा चौकोनी सेन्सर असेल, तो बॅटरीतून आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. अर्थ त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला जोडला तर तो हिशेब चुकतो आणि अल्टरनेटर चुकीचं चार्जिंग करतो. डिकीत टेल लाइटच्या मागे कंपनीचा अर्थ बोल्ट असतो, तिथे द्या. नाहीच सापडला तर चासिसला ८ एमएमचा बोल्ट, खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून, रिंग थिंबल आणि दातेरी वॉशर. घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस फासा. आवळण्याआधी नको.

पवनाकाठ:

आणि फ्रिज-बॅटरीसाठी फॉगची २ नंबरची पिन वापरू का? फॉग ट्रेलरला नाहीच.

डोंगरवाट:

नको. ती पिन दिव्याच्या करंटची आहे. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर डिझेल वाचवण्यासाठी व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतो, तेवढ्यावर लिथियम बॅटरी भरत नाही. ट्रेलरमध्ये डीसी-डीसी चार्जर लागेल, गाडीचं कमी व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवं तेवढं देणारा. २० अँपियरचा चार्जर गाडीकडून २५ च्या आसपास ओढतो. सहा मीटर जाऊन तेवढंच परत येणाऱ्या सहा स्क्वेअरच्या केबलमध्ये जवळपास नऊ दशांश व्होल्ट जातात, दहामध्ये निम्म्याहून थोडे जास्त. म्हणून दहाची घ्या, दोन्ही वायरी. बॅटरीजवळ ४० चा फ्यूज आणि मागे वेगळा ५० अँपियरचा दोन पिनचा कनेक्टर. फ्रिज ट्रेलरच्या बॅटरीवरच चालवा. चार्जर इग्निशनच्या वायरीने चालू-बंद होईल असा जोडा, नाहीतर रात्री मुक्कामी गाडीची बॅटरी उतरते.

वायरमन_भोसरी:

निघण्याआधी एक काम. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी मागे घ्या, दोन्ही वेळा प्लगची केबल बघा. ती ताणता कामा नये आणि लोंबून स्पीडब्रेकरला घासताही कामा नये. सॉकेट त्याच्या झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला येईल असा बसवा, तळाचं पाणी निघायचं भोक ग्रीसने बुजवू नका, आणि ट्रेलर गाडीला जोडलेला नसताना प्लग लोंबता न ठेवता ट्रेलरच्या दांड्यावर तोंड खाली करून अडकवा.